आजोबांच्या ट्रंकेतले काळे दगड आणि बंद खाणीत उतरायचा बेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय का हेही कळेल. तुम्ही बडोद्यात मांजलपूरला राहता. तुमचे आजोबा १९५० च्या दशकात शिवराजपूरच्या मँगनीज खाणींवर हजेरी मांडायचं काम करत. घर आवरताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले नऊ काळे, जड दगड निघाले. एका कागदावर पेन्सिलीने ‘पाणी ४’ असं लिहिलंय आणि त्याचा अर्थ तुम्हाला लागत नाही. दगड पाहून तुम्हाला ओढ लागली. या मे महिन्यात दोन मित्रांना घेऊन, दोर आणि बॅटऱ्या बांधून एखाद्या बंद खाणीत उतरायचं आणि स्वतः स्फटिक काढून आणायचे, असा बेत आहे. हत्यारं कोणती घ्यावीत, काळेपणा फरशीच्या ॲसिडने जाईल का, आणि विकले तर काय मिळेल, हे तुम्ही विचारलंय.

मी ३८ वर्षं खाणींवर भूशास्त्रज्ञ म्हणून काम केलं आणि तेवढीच वर्षं खनिजांचे नमुने जमवतोय. दांडिया बाजारातल्या घरी आज माझ्याकडे क्रमांक घातलेले चौदाशेच्या वर नमुने आहेत. तेव्हा तुमची ओढ मला चांगलीच कळते. पण हत्यारांपाशी येण्याआधी एक सांगतो. जुन्या, बंद पडलेल्या खाणीचे चांगले नमुने मिळवायचे असतील तर ते आज जमिनीच्या वर आहेत, खाली नाहीत. ते टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यांत आहेत, खाणीवर राबलेल्या माणसांच्या घरांत आहेत आणि जुन्या संग्रहांत आहेत. तुमच्या बाबतीत तर ते थेट ट्रंकेत आहेत. तुम्ही जिथून सुरुवात करायला निघालात तिथून सुरुवात करायची गरजच नाही.

आधी खाली उतरण्याचं बघू, कारण तिथे ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं मी म्हणणार नाही. उतरू नका. दोर मजबूत असला तरी नाही, मित्र अनुभवी असला तरी नाही. बंद खाणीत वारा फिरत नाही. जुनी लाकडं कुजतात, काही खनिजं हवेतला प्राणवायू शोषून घेतात, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. त्याला वास नसतो. बॅटरीच्या उजेडात तिथली हवा स्वच्छच दिसते. माणूस दोन-तीन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तो त्याच्या शेजारी पडतो. गावाकडे जुन्या विहिरींत असे जीव गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, खाणीत तेच अधिक खोलवर घडतं. त्यात छताला लावलेले टेकू वरून धड दिसतात आणि आतून भुसा झालेले असतात. पाण्याने भरलेला उभा खड्डा अंधारात सपाट जमिनीसारखा दिसतो. मी चालू खाणीत, पंख्यांनी हवा खेळवलेली असताना, सोबत ओव्हरमन, म्हणजे खाणीतला पर्यवेक्षक, असताना हजारो वेळा उतरलोय. बंद खाणीत एकदाही उतरलो नाही आणि त्यामुळे माझ्या संग्रहाचं काही अडलेलं नाही.

खाण चालू असतानासुद्धा संग्राहक सहसा खाली जात नसत. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या कथील आणि तांब्याच्या खाणींमधून अठराव्या शतकात फिलिप रॅशली यांनी जो संग्रह उभा केला, त्याचा मोठा भाग आज ट्रुरोच्या संग्रहालयात आहे. त्यातले दगड खाणकामगारांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवलेले होते. नामिबियातली त्सुमेब ही खाण तर संग्राहकांची पंढरीच. ती १९९६ साली बंद झाली. आज त्सुमेबचा जो ॲझुराइट किंवा डायोप्टेज, म्हणजे तांब्याची रंगीत खनिजं, बाजारात येतो, तो एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाणारा असतो. धातूच्या खाणीत स्फटिक टिकतात ते कुणीतरी खिशात घातले म्हणून. एरवी सगळा माल क्रशरमध्ये जातो. तुमच्या आजोबांनी नऊ दगड बाजूला काढले, याचं मोल त्या अंगाने बघा.

आता जे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे ते, म्हणजे परवानगी. ढिगाऱ्यावरचा दगड कितीही फेकून दिल्यासारखा दिसला तरी त्याला मालक असतो. कधी खाणपट्टेदार, कधी सरकार, कधी वनखातं, कधी ज्याच्या शेतात तो ढीग पडलाय तो शेतकरी. खनिजांचा १९५७ चा कायदा विनापरवाना उत्खनन आणि वाहतूक दोन्हींना लागू आहे. म्हणून आधी जिल्ह्याच्या भूस्तरशास्त्री कचेरीत जाऊन ती जागा कोणाच्या नावे आहे ते विचारा आणि मग त्या माणसाकडून किंवा खात्याकडून लेखी परवानगी घ्या. अर्जात ‘संग्रहासाठी हाताने उचलता येतील असे मोजके नमुने’ असं स्पष्ट लिहा. मला होकार मिळालाय तसा नकारही मिळालाय. नकार मिळाला तिथून मी परत आलोय. शिवराजपूरच्या बाजूला जांबुघोडा अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतून खडासुद्धा उचलायचा नाही. पावागड-चांपानेर परिसर २००४ पासून जागतिक वारसा आहे, तिथे पिशवीत हातोडी घेऊन फिरू नका.

बडोद्याला राहणारा माणूस या छंदात नशीबवानच म्हणायचा. एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर अगदी वेगवेगळ्या जातींच्या जुन्या खाणी आहेत. हालोलपलीकडे शिवराजपूर आणि आसपासचं मँगनीज. छोटा उदेपूरकडे अंबाडुंगर, जिथे फ्लोराइट मिळतं. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूर, अकिकाच्या खाणी. आणि रतलामच्या गाडीने मेघनगरला उतरलात तर झाबुआ जिल्ह्यातली काजलीडोंगरी. या शेवटच्या नावापाशी जगातले खनिजवाले थांबतात, कारण हॉलंडाइट हे बेरियम-मँगनीजचं खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते तिथल्या नमुन्यांवरून. भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०६ साली त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक हॉलंड यांचं नाव दिलं. गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरेत रुतलेला काळा, चकचकीत हॉलंडाइटचा स्फटिक कुणी हातात ठेवला तर मी अजूनही खुर्चीतून उठतो.

अंबाडुंगरची गोष्ट निराळी आहे. तिथला डोंगर कार्बोनेटाइटचा, म्हणजे शिलारसातून थिजलेल्या कार्बोनेटी खडकाचा आहे. सुखेश्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली तो जगापुढे आणला. डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या पठाराचा, लाव्हा ज्या काळात वाहत होता त्याच काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नंतर त्यातून गरम पाणी फिरलं आणि भेगांमध्ये फ्लोराइट साचलं. त्याच खडकात दुर्मिळ मृदा-मूलद्रव्यं आणि पायरोक्लोरसारखी किरणोत्सारी अंश असलेली खनिजं आहेत. त्यामुळे तिथे परवानगीचा प्रश्न आणखी कडक होतो आणि कोरडा दगड फोडून धूळ छातीत घ्यायची नाही, हेही आलंच.

रतनपूरला गेलात तर दगड उचलण्याआधी खड्ड्याच्या काठावर तासभर नुसतं बसा. माल वर आला की खणणारा प्रत्येक गोटा हातात घेतो, त्याचा एक टवका उडवतो, ताज्या बाजूला उजेड घेऊन बघतो आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकतो. त्याला मणी करायला भेग नसलेला, एकसारखा दगड हवा असतो. मधे पोकळी असलेला, आत गारेचे टोकदार स्फटिक दाटलेला गोटा त्याच्या दृष्टीने फुकट. संग्राहकाला नेमका तोच हवा. खाणवाल्याच्या टाकाऊ ढिगात संग्राहकाचा माल असतो हे मी त्या काठावर शिकलो आणि पुढे सगळीकडे तेच खरं ठरलं. त्या माणसाला पैसे देऊन गोटा घ्या, उगाच घासाघीस करू नका. खंबातला नेऊन मडक्यात भरून, शेणाच्या आगीत भाजल्यावर तपकिरी अकीक लालभडक होतो. आतल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडतं आणि रंग पालटतो. हे लोथलच्या काळापासून चालत आलंय आणि त्यात फसवणूक काही नाही. फक्त तुमच्या चिठ्ठीवर ‘भाजलेला’ असं आलं पाहिजे.

ढिगाऱ्यावर केव्हा जायचं? मेमध्ये तर नाहीच. पावसाळा संपल्यावर, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. चार महिने पावसाने ढीग धुतलेला असतो, वरची माती वाहून गेलेली असते, नवा दगड उघडा पडलेला असतो आणि ऊन तिरकं असलं की स्फटिकाची सपाट बाजू आरशासारखी लकाकते. सकाळी आठच्या आत पोचा आणि सूर्याकडे तोंड करून हळूहळू चाला. ढिगाच्या पायथ्याशी उकरू नका, वरचा भाग अंगावर येतो. दगड हाताने न उलटता काठीने उलटा, खाली विंचू असतो.

हत्यारं फार लागत नाहीत. दीड-दोन पौंडाचा हातोडा, एक चपटी आणि एक टोकदार छिन्नी, छोटी पहार, डोळ्यांवर चष्मा, जाड हातमोजे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोहचुंबक आणि भरपूर जुनी वर्तमानपत्रं. नवशिके हातोडा स्फटिकाच्या जवळ मारतात. स्फटिकापासून शक्य तितक्या लांब, मागच्या दगडावर छिन्नी लावा आणि थोडा दगड जास्त ठेवा. सुटा स्फटिक म्हणजे झाडावरून तोडलेलं फूल. ज्या दगडावर तो वाढला त्याच्यासकट असेल तर पाहणाऱ्याला कळतं की तो कसा आणि कशानंतर आला. शंका वाटली तर फोडू नका, घरी आणून विचार करा. तोडलेला परत जोडता येत नाही, आणि डिंकाने जोडलेला जांभळ्या अतिनील दिव्याखाली लगेच पकडला जातो.

गुंडाळताना कापूस वापरायचा नाही. डेक्कन ट्रॅपच्या दगडांत स्कोलेसाइट, मेसोलाइट असे केसांसारखे झिओलाइट, म्हणजे लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत वाढणारी खनिजं, असतात. कापसाचा तंतू त्यांच्यात अडकला की काढताना शंभर सुया मोडतात. अशा नमुन्याला वरून काहीच लावू नये. डब्यात मागचा दगड कागदाच्या बोळ्यांनी घट्ट बसवायचा आणि स्फटिक मोकळ्या हवेत राहू द्यायचे.

आता ॲसिडचं. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचून मला घाम फुटला.

फरशी साफ करायचं ॲसिड म्हणजे पाण्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. तुमचे काळे दगड बहुधा मँगनीजची ऑक्साइडं. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १७७४ साली स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले यांनी क्लोरीन पहिल्यांदा मिळवला तो पायरोलुसाइट या मँगनीजच्या ऑक्साइडवर हेच आम्ल घालून. कॉलेजात असताना मी ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी होस्टेलच्या न्हाणीघरात, दार लावून, एका पायरोलुसाइटच्या तुकड्यावर आम्ल ओतलं, कारण त्यावर चुन्याचा पांढरा थर होता आणि मला तो काढायचा होता. आधी चुना फसफसला, मी खूश झालो. मग बादलीच्या वर हिरवट-पिवळट काहीतरी तरंगायला लागलं आणि घशात सुरी फिरवल्यासारखं झालं. मला कडी सापडेना. बाहेरच्या मुलाने दार ढकललं म्हणून आज हे लिहितोय. पुढे आठवडाभर खोकत होतो. तुम्ही असं काही करू नका, गच्चीवर उघड्या हवेतसुद्धा नाही.

मग ऑक्झॅलिक आम्ल? गारेवरचे लोखंडाचे तांबूस डाग काढायला संग्राहक ते वापरतात आणि तिथे ते उत्तम काम करतं. पण ते मँगनीजची ऑक्साइडंही विरघळवतं. म्हणजे काळा दगड त्यात ठेवलात तर डाग म्हणून दगडच धुऊन निघेल. कॅल्साइट असलेल्या नमुन्यावर त्याने पांढरी साय बसते ती पुन्हा जात नाही. शिवाय ते विषारी आहे, स्वयंपाकघराच्या आसपास नको. झिओलाइटांना कुठलंच आम्ल नको. त्यातले कित्येक आम्लात चक्क खळीसारखे होतात.

तुमच्या नऊ दगडांना मऊ, कोरडा ब्रश पुरे. पायरोलुसाइट असेल तर तो हाताला काजळीसारखा लागेलच. ती घाण नाही, ते खनिजच आहे. घासत बसलात तर तोच कमी होईल. ब्रश फिरवताना नाकावर मास्क लावा, मँगनीजची धूळ दीर्घकाळ छातीत जाणं वाईट. आणि छंद वाढला, कापायचं-घासायचं मनात आलं तर कोरडं कधीच कापू नका. खंबातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत सिलिका साचून होणारा सिलिकोसिस मी डोळ्यांनी पाहिलाय. चाळिशीतला माणूस जिना चढताना तीनदा थांबतो.

साधं पाणीसुद्धा प्रत्येक दगडाला चालत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी अंबाडुंगरला व्यवस्थापकांच्या परवानगीने ढिगावरून मी एक नमुना उचलला होता. फिकट जांभळा फ्लोराइटचा घन, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याच्या एका बाजूवर पिठीसाखर भुरभुरावी तसे गारेचे बारीक कण. एप्रिलची दुपार होती. दगड हाताला चटका देण्याइतका तापलेला. झाडाखाली आलो, जोडीदाराच्या माठातलं गार पाणी त्यावर ओतलं, धूळ निघावी म्हणून. ‘टिक’ असा बारीक आवाज आला. बघतो तर घनाचा एक कोपरा तिरका, सुरीने कापावा तसा सरळ सुटून तळहातावर पडलेला. फ्लोराइट कोपऱ्यांपाशी अशा तिरक्या पातळीत फुटतो हे मी तोवर कितीतरी जणांना शिकवलं होतं. तो तुकडा आणि तो घन दोन्ही आजही एकाच डबीत आहेत. तेव्हापासून उन्हातला दगड सावलीत निवल्याशिवाय मी धूत नाही, आणि धुतो ते कोमट पाण्याने. फ्लोराइट आणि जांभळी गार दोन्ही खिडकीत ठेवू नका, कित्येकांचा रंग उन्हाने उडतो.

घरात ठेवतानाही खनिजाचा स्वभाव बघावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पायराइट आणि मार्कासाइट ही लोह-गंधकाची खनिजं दमट हवेने फुगतात, पांढरी भुकटी सुटते आणि तिच्यातलं आम्ल खालची चिठ्ठीसुद्धा खातं. ते बंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवायचे. लॉमोन्टाइट या झिओलाइटचं नेमकं उलटं. त्यातलं पाणी गेलं की तो पांढरा पडून चुरतो. तुमच्या काळ्या दगडांना यातलं काही लागत नाही, साधा कागदाचा डबा चालेल.

नऊ दगडांमध्ये काय काय आहे हे साधारण घरीच ओळखता येईल. फरशीच्या तुकड्याची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगडाचा न दिसणारा कोपरा त्यावर ओढा. रेघ काळी आली आणि बोटंही काळी झाली तर पायरोलुसाइट धरा. रेघ तपकिरी-काळी, दगड कठीण, चुंबकाकडे किंचित ओढला जातोय असं वाटलं तर ब्राउनाइट असू शकतो. द्राक्षांच्या घडासारखे गोल फुगवटे असतील तर खाणवाले त्याला सायलोमेलेन म्हणत. रेघ कुंकवासारखी लाल आली तर तो मँगनीज नसून हेमाटाइट, म्हणजे लोहखनिज. नक्की नाव हवं असेल तर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात आधी विचारून, वेळ ठरवून जा. मँगनीजची काळी ऑक्साइडं नुसत्या डोळ्यांनी पक्की सांगता येत नाहीत. ती क्ष-किरणांच्या चाचणीतूनच ठरतात आणि मीही चिठ्ठीवर अशा वेळी ‘मँगनीज ऑक्साइड’ एवढंच लिहितो. दगड असे दिसतात तरी कसे हे बघायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा जाऊन बघाच. झिओलाइटांसाठी तसं ठिकाण आपल्या बाजूला नाही.

किमतीबद्दल खरं सांगतो. नुसत्या काळ्या, घट्ट मँगनीज दगडाला बाजारात फारसं गिऱ्हाईक नाही. त्यात पोकळी असेल, पोकळीत धारदार स्फटिक असतील, एकही टवका उडालेला नसेल, तर संग्राहक विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, कुठला? नुसतं ‘गुजरात’ म्हटलं की तो निम्मा थंड होतो. खाणीचं नाव, कोणत्या बाजूचा, कोणी आणि केव्हा काढला, हे सांगता आलं तर तो चहा मागवतो. पुढे विकत घ्यायची वेळ आली तर तुम्हीही हाच प्रश्न विचारा. गडद निळा किंवा गुलाबी अकीक दिसला तर तो रंगवलेला धरून चाला. लिंबूपिवळा ‘सिट्रिन’ म्हणून विकला जाणारा बराच माल भाजलेली जांभळी गार असते. विक्रेता हे स्वतःहून सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जा.

म्हणून चिठ्ठी. ज्या दिवशी दगड आणाल त्याच रात्री लिहायची, जेवणाच्या आधी. खनिजाचं नाव ओळखता आलं नाही तर ती जागा मोकळी सोडा, पण खाण, ढिगाची बाजू, गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि कोणाकडून मिळाला हे सोडू नका. दगडाच्या मागच्या कोपऱ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा ठिपका, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा एक ठिपका. तोच क्रमांक चिठ्ठीवर आणि वहीत. चिठ्ठी हरवली तरी वही बोलते. जुनी चिठ्ठी मिळाली तर ती चुकीची वाटली तरी फाडायची नाही, सुधारायचीही नाही. आपली नवी तिच्यासोबत ठेवायची. माझ्याकडे अंबाडुंगरच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ‘जिल्हा वडोदरा’ आहे. एक विद्यार्थी ते खोडायला निघाला होता. छोटा उदेपूर हा वेगळा जिल्हा २०१३ साली झाला. त्याच्या आधीच्या माणसाने बरोबरच लिहिलेलं आहे आणि त्या एका शब्दावरून नमुना केव्हाचा हेही कळतं.

तर तुमच्या ट्रंकेकडे येतो. तुम्ही लिहिलंय की ‘पाणी ४’ म्हणजे चार वेळा पाण्याने धुतलेला, किंवा पाण्यात सापडलेला, असा काहीसा अर्थ घरच्यांनी काढला. पाणी हे खाणीचं नाव आहे. चांपानेर रोड स्टेशनाहून एक नॅरोगेज गाडी शिवराजपूरवरून पाणी माइन्सपर्यंत जायची, मँगनीज वाहून आणायला. आजोबा हजेरी मांडत होते, म्हणजे कोणती टोळी कुठल्या जागेवर हे रोज लिहिणं हेच त्यांचं काम. पुढचा चार हा खड्ड्याचा आहे, थराचा आहे की टोळीचा, हे त्यांच्या एखाद्या जुन्या वहीतून किंवा त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणा आजोबांकडून कळेल. असे कुणी हयात असतील तर ढिगाऱ्यावर जाण्याआधी त्यांच्याकडे जा. दगड सोबत न्या, हातात द्या आणि गप्प बसा. माझ्या अनुभवात माणसं दगड हातात आल्यावर बोलायला लागतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आईने ते फाटके कागद रद्दीत टाकायला काढलेत. हे वाचत असाल तेव्हा आधी उठून ते परत आणा. कुठला कागद कुठल्या दगडाभोवती होता हे आठवत असेल तर आत्ताच लिहून ठेवा. इस्त्री नको, टेप नको. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वर्तमानपत्राची तारीख दिसेल असा. मग त्या पेन्सिलीच्या अक्षरांचा फोटो जवळून, तिरक्या उजेडात. तो इथे टाकलात तर चारच्या पुढे आणखी काही पुसट लिहिलंय का, हे आपण मिळून बघू.